रुसलेल्या दाजींच्या दोन जादा गोळ्या

गजाननराव रुसले नाहीत असं एकही कार्य तीर्थपुरीच्या त्यांच्या सासरवाडीत आजवर पार पडलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात ते घोड्यावरून रुसले. ठरला होता पांढरा, आला तांबडा. मेव्हण्याच्या, म्हणजे पुंजारामच्या लग्नात पत्रिकेवर त्यांचं नाव कुणा लांबच्या मामाच्या खाली छापलं म्हणून रुसले. वास्तुशांतीला फोटोत अर्धंच तोंड आलं म्हणून रुसले. त्यात फोटोवाल्याची चूक नव्हती. उरलेलं अर्धं तोंड आधीच्याच कुठल्यातरी कारणावरून रुसून पलीकडे वळलेलं होतं.

रुसायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी खुर्चीवरून हळू उठायचं, चारचौघांच्या नजरेस पडेल इतकं हळू. मग मांडवातून बाहेर जायचं, पण मांडवातून दिसेल अशाच जागी बसायचं. तिथून बायकोला हाक मारायची, "विमल, बॅग उचल. निघायचं." ती बॅग संसाराच्या इतक्या वर्षांत एकदाही उचलली गेली नव्हती. हाक ऐकली की पुंजाराम शाल-नारळ घेऊन धावायचा, त्याची बायको वंदना पदर सावरत पाया पडायची, आणि तिसऱ्या विनवणीला गजाननराव उपकार केल्यासारखे उठायचे. सगळं गाव त्यांना दाजी म्हणायचं, आणि दाजी रुसल्याशिवाय जेवण पचत नाही असंही म्हणायचं.

हसायला ठीक आहे, पण त्या माणसाचं खरंच तेवढंच उरलं होतं. नोकरीत असताना ते बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत विभागाचे साहेब होते. केदारखेड्याच्या मेळाव्यात ते गाडीतून उतरले की दुकानदार उठून उभे राहायचे. निवृत्तीनंतर नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत उभं राहिलं तर मागचा माणूस "काका, जरा सरका" म्हणायचा. साहेब कुणी म्हणत नव्हतं. ज्येष्ठ जावयाचा मान एवढीच काय ती जमीन आता त्यांच्या नावावर होती, आणि तिच्या बांधाला कुणी पाय लावलेला त्यांना खपत नव्हता.

तीन वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली. नवीन जालन्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "ही गोळी साखर खाली ओढते. तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. सकाळी न्याहारीचं ताट समोर आलं की एक. ताट नाही तर गोळी नाही. आपल्या मनाने जादा तर कधीच नाही. घाम सुटला, हात कापायला लागले, काही सुचेनासं झालं, तर आधी साखर तोंडात घाला आणि मग मला फोन करा." विमलबाईंनी शब्दन् शब्द ऐकला. गजाननरावांनी एवढंच ऐकलं की बाईंनी आपल्याला एकदाही साहेब म्हटलं नाही.

शुगरचा त्यांनी लगेच उपयोग करून घेतला. पुंजारामची थोरली मुलगी जान्हवी, तिच्या लग्नात एका वाढप्यानं त्यांच्या ताटात जिलेबी टाकली. गजाननराव ताडकन उठले. "माझ्या जिवावर उठले का रे तुम्ही? सासरवाडीतच मारून टाकता काय जावयाला?" त्या दिवशी समजूत काढता काढता पुंजारामला अंगठी द्यावी लागली. तेव्हापासून घरात कायदाच झाला, की दाजींच्या हाताला गोड लागता कामा नये.

आता आतली गोष्ट सांगतो. गोडाचा एवढा हाडवैरी मिरवणारा हा माणूस बुंदीसाठी जीव टाकायचा. घरी विमलबाई साखरेचा डबा कुलपात ठेवत नव्हत्या, कारण हे महाराज घरी कधी त्याला हात लावत नसत. त्यांची सगळी चोरी लग्नघरी, आचाऱ्याच्या बाजूला, भट्टीच्या आडोशाला. पंगतीत गोडाकडे पाहून नाक मुरडायचं आणि मागच्या दारानं वाटीभर बुंदी मारायची. आणि तिचा हिशेब गोळीनं चुकता करायचा, जादा गोळीनं.

पुंजारामच्या धाकटीचं, गंधालीचं लग्न मे महिन्यात निघालं. अधिकमास लागायच्या आत उरकायचं होतं. त्या दिवशी सकाळी विमलबाईंनी दशमी आणि दही समोर ठेवलं. गजाननरावांनी गोळी घेतली आणि ताट सरकवलं.

"लग्नाला जायाचं आन् घरून पोट भरून कोन जातं?"

"मंग गोळी कशाला घेतली?"

"तू मला नको शिकवू. उभी जिंदगी औषधांतच गेली माझी."

ती औषधं कपाशीची होती हे विमलबाईंनी बोलून दाखवलं नाही. बस चुकली असती.

कार्यालयात पोचल्यावर गजाननराव पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसले. मागून बुंदीचा वास येत होता, जिलेबीचा घाणा चालू होता. तेवढ्यात गावातले राधेश्याम गुरुजी माइकवर आले. तीर्थपुरीतलं कुठलंही लग्न त्यांच्या आवाजाशिवाय लागत नाही. "मुहूर्त अगदी जवळ आलाय. लग्न वेळेवर लागेल आणि लगेच भोजन होईल," असं त्यांनी जाहीर केलं. लग्नाच्या माइकवर विश्वास ठेवणारा माणूस मराठवाड्यात जन्माला यायचाय असं वाटत होतं. तो पहिल्या रांगेत बसला होता. गजाननरावांनी खिशातलं नवं पाकीट काढून दोन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. एक बुंदीची आणि एक जिलेबीची.

आपण फार दूरदृष्टीचं काम केलं असं त्यांना वाटलं. कीड येणार हे दिसतंय, तर फवारणी आधीच केलेली बरी. याच माणसानं केदारखेड्यात एका शेतकऱ्याला भरसभेत झापलं होतं. "दुप्पट औषध मारलं तर कीड नाही, पीक जळतं, डब्यावर लिहिलेलं वाचता येत नाही का?" पण ते लोकांच्या पिकाबद्दल होतं.

मुहूर्त टळला, कारण नेते यायचे होते. एक नेते आले तर दुसरे वाटेत होते, आणि दुसरे आल्याशिवाय पहिले बोलेनात. मग दोघंही बोलले. वधूवरांना आशीर्वाद देता देता रस्ता, पाणी आणि विरोधकांचं चारित्र्य एवढं सगळं झालं. नवरी अंतरपाटामागे घामानं निथळत होती, नवरदेवाच्या मुंडावळ्या वितळायच्या बेतात आल्या होत्या. मग मानकऱ्यांचे सत्कार सुरू झाले.

गजाननराव सरसावून बसले. त्यांनी डोक्यावरचे विरळ केस हातानं नीट केले, फेटा बांधताना अडचण नको म्हणून.

"आता आपल्या परिवाराचे जावई," राधेश्याम गुरुजींनी माइकवर आवाज चढवला, आणि गजाननराव अर्धे उठलेसुद्धा, "पुण्याच्या मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले श्री. निखिलराव!"

निखिल म्हणजे जान्हवीचा नवरा. ज्याच्या लग्नात जिलेबी वाढली गेली तो. तो बिचारा मोबाइलवर ऑफिसचं काम करत बसला होता. त्याला ओढून नेलं आणि पहिला फेटा त्याच्या डोक्यावर चढला.

गजाननरावांचे हात कापायला लागले. छाती धडधडली. कानशिलावरून घामाची धार लागली. असा अपमान! ते उठले. नेहमीसारखं हळू उठायचं होतं, पण आज पाय आपणहूनच हळू चालले. मांडवाबाहेर लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यात ते कोसळल्यासारखे बसले. अंगाचा थरकाप बघून त्यांना मनातून थोडं समाधानच वाटलं. आजचा रुसवा खरा होता. इतकी वर्षं रुसलो, पण असं सर्वांगानं कधी रुसलो नव्हतो, असं त्यांना वाटलं. या पुंजारामला आज अंगठीवर सोडायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली सगळी लक्षणं ओळीनं हजर झाली होती, आणि हा गृहस्थ त्यांना स्वाभिमान समजून कुरवाळत बसला होता.

पुंजाराम धावत आला. त्याच्या हातात फेटा, शाल, नारळ. "दाजी, चुकी झाली. गुर्जीला मी नावं लिहून देल्ती, त्यांनी यादी खालून वाचली. उठा ना. सगळे थांबून राह्यले."

गजाननरावांना ठेवणीतलं एक वाक्य फेकायचं होतं. ते जिभेपर्यंत आलं आणि तिथेच विरघळलं. ते नुसते बघत राहिले.

"बोलून बी न्हाई राह्यले," वंदना घाबरून म्हणाली. "लईच लागलं वाटतं मनाला."

तिनं पाया पडून घेतलं. निखिलला आणलं, त्यानं आपला फेटा काढून दाजींच्या डोक्यावर ठेवला आणि तोही पाया पडला. गजाननराव हलले नाहीत. फेटा कपाळावर घसरून एका डोळ्यावर आला, तरी हलले नाहीत. असा दगडी रुसवा तीर्थपुरीनं पाहिला नव्हता. येणारे-जाणारे लांबून बघत आणि पुंजारामची कीव करत पुढं जात.

"नुसते घामानं भिजलेत ते. थोडं सरबत द्या," राधेश्याम गुरुजी म्हणाले.

पुंजाराम अंगावरच गेला. "येडे झाले का गुर्जी? शुगर हाये त्यांना! मागच्या टायमाला जिलेबीनं काय रामायण झाल्तं, इसरले का?" मग तो अजिजीनं वाकला. "दाजी, तुमच्यासाठी खास कारल्याचा रस करून ठुलाय. बिलकुल गोड न्हाई."

कारल्याचा हिरवा ग्लास तोंडासमोर आला. तेवढ्यात पलीकडून एक वाढपी बुंदीचं घमेलं घेऊन निघाला. गजाननरावांचा हात आपोआप, कापत कापत, त्या घमेल्याकडे गेला. डोक्याला कळत नव्हतं ते हाताला कळलं होतं. पुंजारामनं तो हात मधेच धरला, दोन्ही हातांनी, मोठ्या आदरानं, आणि पुन्हा मांडीवर ठेवला. वाढप्याला म्हणाला, "जल्दी ने ते इथून. दाजीच्या नजरंसमोर आणू नको."

विमलबाई तेव्हा नवरीपाशी होत्या, आत्याच्या मानानं. दाजी रुसल्याची वर्दी आली तेव्हा त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. "रुसू द्या. अक्षता पडल्या की बघते," म्हणाल्या.

मंगलाष्टका सुरू झाल्या. आपल्यावाचूनही लग्न लागतंय, एवढं गजाननरावांना कुठंतरी कळलं, पण त्याचं वाईट कसं वाटून घ्यायचं ते आठवेना. मांडव आधी जवळ आला, मग लांब गेला. लिंबाची सावली चिकट वाटायला लागली. आपण इथं कुणाची वाट बघतोय, आणि बसची की कंपनीच्या गाडीची, हे त्यांना ठरवता येईना. मग हिरव्या साडीतली एक बाई समोर येऊन उभी राहिली. चेहरा फार ओळखीचा होता. कुठल्यातरी दुकानदाराची मंडळी असावी. गजाननरावांनी सवयीनं हात जोडले.

"राम राम ताई," ते जड जिभेनं म्हणाले. "बसा. मीटिंग सुरू व्हतीच आता."

विमलबाईंच्या हातातल्या उरलेल्या अक्षता खाली पडल्या. बॅग उचल म्हणाला नाही. हा माणूस बॅग उचल म्हणाला नाही! त्यांनी त्याचं कपाळ चाचपलं, थंड, ओलंचिंब. झब्ब्याच्या खिशात हात घातला आणि पाकीट बाहेर काढलं. नवंकोरं पाकीट, आज सकाळीच फोडलेलं, आणि तीन घरं रिकामी.

वंदना नेत्यांसाठी लिंबूसरबताचा जग घेऊन चालली होती. विमलबाईंनी तो हिसकावला.

"आक्का, शुगर हाये त्यांना!" पुंजाराम ओरडला.

"शुगर उतरली त्यांची, मेल्या! गोळ्यांवर गोळ्या खाऊन उपाशी बसलेत. सरक!" त्यांनी नवऱ्याला सरळ बसवलं, हनुवटी धरली. "घोट घ्या. गिळा. आहो, गिळा म्हणते ना!"

त्यांनी गिळलं. आणखी गिळलं. घोटाघोटानं जग खाली गेला. मग विमलबाईंनी घमेलं परत आणवलं आणि बुंदीचा एकेक घास त्यांच्या तोंडात कोंबला, पंगतीदेखत, नेत्यांदेखत. इतकी वर्षं भट्टीमागं चोरून खाल्लेली बुंदी गजाननरावांनी अशी चारचौघांत खाल्ली, आणि तिची चव मात्र त्यांना कळली नाही.

हळूहळू मांडव जागेवर आला. हिरव्या साडीतली बाई विमल झाली, आणि ती रडत होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय झालं? मी म्हणलं रुसलेत! न्हेमीसारखे रुसलेत म्हणून मी तिकडं अक्षता टाकत बसले. तुम्ही इथं मेले असते आन् मी टाळ्या वाजवून राह्यले असते. सगळ्या गावाला वाटलं असतं, काय झ्याक रुसलाय जावई!" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मान घेऊन सरणावर जायाचं होतं का तुम्हाला?"

डोळ्यावर आलेला निखिलचा फेटा गजाननरावांनी काढला आणि मांडीवर धरून बसले.

फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी पोटभर जेवू घाला आणि लगेच जालन्याला घेऊन या; या गोळीचा अंमल लवकर जात नाही, साखर पुन्हा उतरू शकते. दवाखान्यात त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. बाईंनी गोळ्या बदलल्या, पुन्हा तेच सगळं सांगितलं, आणि शेवटी हसून म्हणाल्या, "साहेब, बुंदी खायचीच असेल तर मला विचारून चमचाभर खा. पण तिच्या नावाची गोळी खाऊ नका." साहेब म्हटलं गेलं ते असं.

अधिकमास लागला. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. जावयांचा याहून मोठा सण नाही. पुंजारामकडे तिन्ही जावई जमले: गजाननराव, निखिल, आणि गंधालीचा नवा नवरा ऋषी. चांदीचा दिवा ताटात होता. वंदनानं तो आधी ऋषीच्या हातात दिला. नवा जावई, पहिलं अधिक, तिच्या दृष्टीनं बरोबरच होतं.

गजाननराव पाटावरून उठले. अगदी रीतीप्रमाणे, हळू, सगळ्यांना दिसेल असे. ओट्यावर जाऊन बसले. हात स्थिर होते, कपाळ कोरडं होतं, आणि अपमान अस्सल होता. त्यांनी आवाज दिला, "विमल, बॅग उचल. निघायचं."

घरात एकच धावपळ उडाली. त्यांच्या छातीला जरा उभारी आली.

"दाजीची शुगर उतरली!" पुंजाराम ओरडत आला आणि त्यांच्या तोंडात साखरेची चिमूट कोंबायला गेला. निखिलनं त्याला थांबवलं. त्यानं पुण्याहून मशीन आणलं होतं, खास दाजींसाठी. त्यानं त्यांचं बोट धरलं, सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. सगळं घर मशीनकडे वाकून उभं राहिलं. ऋषीनं तर हातातला चांदीचा दिवा उजेडासाठी जवळ धरला.

"एकशे बेचाळीस," निखिल म्हणाला. "एकदम बराबर हाये."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुंजारामनं तर देवाला हात जोडले. आतून विमलबाईंनी विचारलं, "किती हाये?"

"एकशे बेचाळीस, आत्या."

"मंग काही न्हाई. नुसते रुसलेत. वाढा तुम्ही पुढं."

आणि सगळे आत गेले. खरंच गेले. पाट सरकल्याचे आवाज आले, तुपाची वाटी फिरली, कुणीतरी कशावर तरी हसलं. गजाननराव टोचलेलं बोट दाबून ओट्यावर बसून राहिले. आता पुंजाराम येईल. निदान वंदना तरी येईल. शाल राहू दे, नुसतं चला म्हणायला तरी कुणी येईल. त्यांनी एकदा खाकरून पाहिलं. आत दुसरी वाढ सुरू झाली.

बऱ्याच वेळानं ते आपणहून उठले आणि आत जाऊन रिकाम्या पाटापाशी उभे राहिले. कुणी विनवलं नाही, कुणी चिडवलंही नाही. विमलबाईंनी त्यांच्या ताटात वरण-भात, भाजी वाढली, आणि कडेला, सगळ्यांदेखत, अर्धा धोंडा ठेवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "ताट निवून राह्यलं."

गजाननराव बसले.